देवामागची विहीर

सार्थक पहिल्यांदा आमच्या घरी आला तेव्हा त्याने बूट दाराबाहेर, भिंतीला लागून, जोडीने नीट काढून ठेवले. मला ते खटकलं. विकायला आलेली माणसं दार अडवून उभी राहतात. मागायला आलेली अशी नीट वागतात.

अण्णा, म्हणजे माझे वडील, फेब्रुवारीत गेले होते. हा आला तो गणपतीच्या आधी. भेटायला येणाऱ्यांची रीघ कधीच आटली होती, त्यामुळे आईला कोणीही आलेलं चालत होतं.

"काकू, मी काकांच्या कंपनीच्या जागेवरून आलोय," तो म्हणाला. "म्हणजे आता आमची कंपनी तिथे प्रोजेक्ट करतेय."

विश्रांतवाडीच्या पुढे, आळंदी रस्त्याला तो कारखाना होता. स्कूटरची हँडलं, बंपर, आरशांच्या दांड्या यांना क्रोमची चकाकी चढवायची, तिथल्या प्लेटिंग खात्याचे अण्णा फोरमन. कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली. आता तिथे उंच इमारती होणार होत्या, आणि त्यांतलं एकही घर विकायचं नव्हतं. सगळी कंपनीच भाड्याने देणार होती. प्रकल्पाचं नाव त्यांनी 'कारखाना' असंच ठेवलं होतं, फक्त इंग्रजी अक्षरांत.

"विकायची का नाहीत रे?" आईने विचारलं.

"काकू, आमच्या जनरेशनला घर घ्यायचंच नसतं. फ्लेक्सिबिलिटी हवी. आज पुणे, उद्या बंगलोर."

"आणि म्हातारपणी?"

"तेव्हा तुमच्याकडे येतो की राहायला."

आई हसली. अण्णा गेल्यापासून ती इतकी मोकळी हसलेली मी पाहिली नव्हती, आणि तेही मला आवडलं नाही. मी दुसराच विचार करत होते. घर विकत घेणारा माणूस वकील लावतो, बँक चौकशी करते, इथे आधी काय होतं हे कोणीतरी विचारतंच. भाडेकरू नळ सोडून बघतो, पार्किंग बघतो आणि मोबाइलला रेंज आहे का ते बघतो. अकरा महिन्यांसाठी जमिनीची चौकशी कोण करतं?

त्याला अण्णांचा फोटो हवा होता. इमारतीच्या लॉबीत जुन्या कामगारांच्या फोटोंची एक भिंत करणार होते. आई लगेच आत जाऊन खंडेनवमीचा फोटो घेऊन आली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी कारखान्यात यंत्रांची पूजा असायची आणि घरच्यांना आत यायची परवानगी असायची, तेव्हाचा. अण्णा शेंदूर लावलेल्या एका दगडाशेजारी उभे आहेत, उजव्या हाताची बोटं केशरी झालेली, चेहऱ्यावर फोटो लवकर आटपा असा भाव. मागे बॉयलरची चिमणी.

"परफेक्ट!" सार्थक म्हणाला. "ही चिमणी आम्ही ठेवतोय. हेरिटेज फीचर म्हणून." फोटो खाली ठेवता ठेवता, जणू आत्ताच आठवल्यासारखं, त्याने विचारलं, "काकू, काका कधी विहिरीबद्दल काही बोलायचे का?"

"भिंतीवर विहीर कशाला हवी?" मी विचारलं.

"नाही मॅडम, जस्ट स्टोरी म्हणून. जुने लोक सगळे सांगतात, देवामागे विहीर होती. आम्ही देवळामागे बोअर घेऊन माती आणि पाणी टेस्टसुद्धा केलं. एकदम क्लीन. विहीरबिहीर काही लागलं नाही. म्हणून म्हटलं, काकूंना माहीत असेल."

"मला नाही बाई माहीत," असं म्हणून आई उठली आणि तिने चहाचं आधण ठेवलं. चहा आम्ही नुकताच प्यायलो होतो.

फोटो मी दिला नाही. स्कॅन करून पाठवते म्हणाले. तो गेल्यावर आई माझ्यावर चिडली. "चांगला मुलगा आला होता, काय पोलिसासारखी विचारत होतीस?"

"विचारत तो होता, आई."

त्या रात्री नाही, पण पुढचे काही दिवस मी तो फोटो पुनःपुन्हा पाहत राहिले. शनिवार पेठेत एका प्रकाशकाकडे मी मुद्रितं तपासते. चुकलेली ओळ दिसायच्या आधी कुठेतरी टोचायला लागते, तसं त्या फोटोत काहीतरी टोचत होतं.

अण्णा देव मानत नसत. मानत नसत म्हणजे भांडत नसत. आईच्या पूजेच्या वेळी पेपर घेऊन गॅलरीत जाऊन बसत, आरती झाली की आत येत. बार्शीकडच्या आमच्या गावच्या उत्तरेश्वरावरून त्यांचं नाव ठेवलेलं, तरी यात्रेला ते कधी गेले नाहीत. आणि हाच माणूस दर खंडेनवमीला स्वतः त्या दगडाला शेंदूर लावायचा, दुसऱ्या कोणाला लावू द्यायचा नाही. कॉलेजात असताना, नवी पुस्तकं वाचून तिखट झालेल्या जिभेने, मी त्यांना विचारलं होतं, "घरात नास्तिक आणि कारखान्यात मारुती, हे कसं काय अण्णा?"

"तो मारुती नाही," ते म्हणाले होते. "तो पहारेकरी आहे."

मला ती कोटी वाटली. मी हसलेही होते.

आणखी एक गोष्ट. अण्णांना वास येत नसे. क्रोमच्या टाक्यांवरच्या वाफेने त्यांच्या नाकातला पडदाच खाल्ला होता. नासलेलं दूध ते शांतपणे पिऊन टाकत आणि आई कपाळाला हात लावे. आमच्या घरात तो विनोदाचा विषय होता. शेवटी फुप्फुसाचं निदान झालं तेव्हा डॉक्टरांनी कामाबद्दल विचारलं आणि अण्णांनी थोडक्यात सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली. पुढे त्यावर कोणीच काही बोललं नाही.

गणपती बसायच्या आधीच मी जागेवर गेले. फोटो हातोहात द्यायचा आहे, असं सार्थकला कळवलं होतं. फाटकावर हिंदुराव भेटले. कळस गावचे, कारखान्याचे जुने वॉचमन. कंपनीने त्यांना तसंच ठेवून घेतलं होतं, फक्त गणवेश नवा, निळा, एक माप मोठा.

"जाधवरसायबांची लेक न्हवं का? या ताई. नाकावरनंच वळखलं." मग स्वतःच ओशाळून म्हणाले, "म्हंजी चांगल्या अर्थानं."

फाटकाच्या आत डाव्या हाताला संगमरवराचं छोटं देऊळ होतं, कळस, घंटा, स्टीलचं रेलिंग. आत तोच दगड. शेंदूर ताजा.

"देव आधी इथे होता?" मी विचारलं.

"हितं कुटला! आत हुता, शेडंच्या अंगाला. पर बिल्डरनं लई मान राखला बगा. आळंदीवरनं भटजी आणलं, होम क्येला, गावाला जेवान घातलं, मंग उचलला. नुसता जेशिबी न्हाई लावला. आमी बी म्हनलं, मान्सं चांगली हायती."

"आणि त्या मातीच्या तपासणीवाल्यांनी बोअर कुठे घेतली?"

"त्ये मागनं आलं. त्यास्नी म्याच सांगितलं, विहीर देवामागं हाय. सगळंच सांगत्यात. त्यांनी हितं मागं भोक पाडलं." त्यांनी देवळामागच्या भिंतीकडे बोट दाखवलं.

"पण हिंदुराव, देव तर तोवर इथे आला होता."

ते माझ्याकडे पाहत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी मी शोधली. सापडली असती तर बरं वाटलं असतं. "देव हाय तितं देवाची जागा, ताई," ते सावकाश म्हणाले आणि वळून देवळामागच्या भिंतीकडे बघू लागले. चूक त्यांच्या लक्षात आली होती. पण चूक त्यांची एकट्याची होती का? देव आधी हलवायचा आणि माती नंतर तपासायची, हा क्रम कोणीतरी ठरवला असणार.

आत सार्थक हेल्मेट घालून आला, मलाही एक दिलं. शेड पडल्या होत्या, जमीन सपाट केलेली. फक्त चिमणी उभी होती. मी पर्समधून फोटो काढला.

"मॅडम, मला द्यायचा ना?"

"थांबा जरा."

फोटोत चिमणीची लोखंडी शिडी बरोबर समोर होती आणि चिमणीच्या मागून शेजारच्या वस्तीची पाण्याची टाकी अर्धीच डोकावत होती. मी शिडी समोर येईपर्यंत चालले, मग टाकी अर्धी झाकेपर्यंत त्याच रेषेत मागे सरकले. फोटो काढणाऱ्याची जागा सापडली की दगडाचीही सापडणार होती. सार्थक मागून येत होता. आधी त्याला वाटलं मी भावुक झाले आहे, तो आदराने दोन हात अंतर ठेवून चालत होता. मग त्याचं पाऊल मंदावलं.

मी उभी राहिले तिथे खांब रोवून आखणी केलेली होती. "इथे काय येणार?"

"किचन गार्डन. टेनंट्ससाठी वाफे. सगळ्यांनी आपापली पालक-मेथी लावायची. बोअरच्या पाण्यावर. कम्युनिटी फील येतो."

"एवढी मोकळी जागा सोडलीत, म्हणजे मन मोठं आहे तुमच्या सरांचं."

"नाही, ॲक्च्युअली बी टॉवर इथेच होता. फाउंडेशनवाल्यांना खाली सॉफ्ट लागलं. मग टॉवर तिकडे शिफ्ट केला."

"सगळीकडे खडक आणि इथेच सॉफ्ट?"

"मॅडम, तो स्ट्रक्चरलचा विषय. त्यांनी हलवा म्हटलं, आम्ही हलवला."

"का सॉफ्ट आहे, हे कोणी विचारलं नाही?"

त्याने हेल्मेटचा पट्टा उगाच घट्ट केला. "तुम्हाला काय म्हणायचंय?"

"काही नाही. फोटो स्कॅन करून पाठवते."

परतताना बसमध्ये मी एकेकाचा संशय घेऊन पाहिला. बिल्डरचा, सार्थकचा, त्या तपासणीवाल्यांचा, हिंदुरावांचासुद्धा. कोणी खोटं बोललं असेल असं नक्की म्हणता येत नव्हतं. जो तो पुढचा एक प्रश्न न विचारता थांबला होता. आणि कोथरूड डेपो यायच्या सुमारास उरलेला एकच माणूस समोर आला. पहारेकरी बसवायची गरज कोणाला पडते? खाली काय आहे हे ज्याला माहीत असतं त्याला.

आई गवार मोडत बसली होती. मी तिच्यासमोर बसून मोडू लागले.

"विहिरीत काय आहे, आई?"

"कुठल्या विहिरीत?"

"तू त्या दिवशी चहा झाल्यावर परत आधण ठेवलंस."

ती बराच वेळ शेंगांचे दोर काढत राहिली. मग शेंगांकडेच पाहत बोलली. "टाक्या धुवायच्या असायच्या. खालचा गाळ, ते पिवळं पाणी. आधी टँकर येऊन न्यायचा. मग मालक म्हणाले, टँकर बंद, ती कोरडी विहीर आहे ना मागं, तिच्यात सोडा. ह्यांनी टाळलं काही दिवस. मग सोडलं. वर्षानुवर्षं सोडलं. तू शाळेत. नोकरी टाकून कुठं जायचं होतं? गावाकडं काय ठेवलं होतं आपलं?"

"आणि दगड?"

"विहीर भरली तेव्हा वरून मुरूम टाकून बुजवली. पुढंमागं कोणी तिथं खणायला नको, बोअर मारायला नको, म्हणून हेच कुठनं दगड घेऊन गेले. म्हणाले, पाटी लावली तर मालक काढून टाकेल, देवाला कोण हात लावणार नाही." तिने शेंग ताटात टाकली. "शेंदूर मीच दिला होता घरातला. मला वाटलं, देवाची आठवण झाली एकदाची."

मला त्या शेवटच्या वाक्यावर तिला जवळ घ्यावंसं वाटलं. आम्ही घेत नाही तसं एकमेकींना. मी म्हटलं, "मला कधी सांगितलं नाहीस."

"विचारलंस कुठं?"

"तिथे भाजी लावणार आहेत. लोक खाणार आहेत ती."

"मग सांग जाऊन. माझा काय विरोध?" तिचा आवाज चढला. "पण पेपरात काय येईल ते ऐकून ठेव. जाधवरांनी विहिरीत विष ओतलं. मालक वारला, त्याची पोरं अमेरिकेत, ह्यांचं नाव तेवढं उरलंय, आणि फोटोसुद्धा ह्यांचाच. माणूस गेला बाई. त्याचं नाव तरी राहू दे."

मला ज्याची भीती वाटत होती तेच तिने नेमकं सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सार्थकचा फोन आला. "मॅडम, गुड न्यूज. आमच्या एमडींनी, दिग्विजयसरांनी, स्वतः काकांचा फोटो पाहिला, त्या दिवशी तुमच्याकडे मी मोबाइलवर काढून घेतला होता तो. ते म्हणाले, भिंत वगैरे सोडा, खालच्या कम्युनिटी हॉललाच काकांचं नाव देऊ. उत्तरेश्वर जाधवर सभागृह. काकूंच्या हस्ते उद्घाटन."

मी कोणाला काही लिहिलं नव्हतं. फक्त विचारलं होतं.

"एवढा मान अचानक कसा?" मी म्हटलं.

"सर म्हणतात, जुन्या लोकांची जाण ठेवली पाहिजे."

"देवाचीही ठेवलीत. चांगलं देऊळ बांधलंत."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. "मॅडम, एक बोलू? मी नोकरी करतो. मला खरंच माहीत नाही तिथे काय आहे ते."

"माहीत करून घ्यायचंय?"

त्याने फोन ठेवला नाही. शेवटी मीच ठेवला.

आईला मी सभागृहाचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती हो म्हणाली असती आणि मग मला तिच्याशी भांडावं लागलं असतं. अर्ज लिहायला मी ऑफिसात, सगळे जेवायला गेल्यावर बसले. पहिल्या मसुद्यात 'कारखान्यातील एका कर्मचाऱ्याने' असं लिहिलं. वाचून पाहिलं. दुसऱ्या कोणाचं मुद्रित असतं तर मी समासात प्रश्नचिन्ह काढलं असतं. कोणता कर्मचारी? त्याला कसं माहीत? तुम्हाला कसं माहीत? अण्णांचं नाव वगळलं की विहीरही जागेवरून हलत होती, अगदी त्या देवासारखी. मी ते शब्द खोडले आणि लिहिलं: माझे वडील कै. उत्तरेश्वर जाधवर, प्लेटिंग खात्याचे फोरमन, यांनी मालकांच्या सांगण्यावरून क्रोमचं सांडपाणी आणि गाळ या विहिरीत सोडला व ती बुजवल्यावर खुणेसाठी तिच्या तोंडाशी दगड बसवला. सोबत फोटो.

एक प्रत प्रदूषणाचं पाहणाऱ्या सरकारी कार्यालयाला, एक महापालिकेला. दोन्हीकडून पोच मिळाली आणि मग काहीच नाही. दसरा जवळ आला तसं मला वाटायला लागलं की हेही आता इथेच थांबणार. तेव्हा मी कंपनीच्या जाहिरातीतल्या लिंकवरून 'कारखाना'त राहायला नाव नोंदवलेल्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये शिरले आणि ती प्रत तिथे टाकली. आधी एक-दोन हसण्याच्या खुणा आल्या. कोणीतरी लिहिलं, 'बिल्डरकडून काही हवं असेल हिला.' मग ऋतुजा नावाच्या एका मुलीने विचारलं, 'पण बोअर चुकीच्या जागी घेतली हे खरं की खोटं, एवढंच सांगा ना कोणीतरी.' कंपनीने त्यावर बागेची तीन रंगीत चित्रं टाकली. तिने परत तेच विचारलं. मग दुसऱ्यांनी विचारलं, मग शंभरेक जणांनी. भाडेकरू विचारत नाहीत, हा माझा समज होता. कंपनीचाही असावा.

दिवाळीच्या तोंडावर बोअरचं यंत्र आलं. त्याच्या पुढच्या जाळीला खंडेनवमीची झेंडूची माळ अजून लटकत होती, सुकून काळी पडलेली. सरकारी माणसं होती, कंपनीची होती, ऋतुजा आणि तिच्यासोबत दोघे-तिघे स्कूटरवरून आले होते. सार्थक लांब उभा होता. जागा मी दाखवली. फोटो पुन्हा काढायची गरज पडली नाही.

वरचा मुरूम सहज निघाला. मग काळा गाळ, मग ओला. आणि मग नळीतून जे पाणी आलं ते पिवळं होतं, हळदीच्या पाण्यासारखं, पण त्याहून स्वच्छ. बाटलीत धरलं तर आरपार दिसत होतं. त्याला वास नव्हता. निदान मला आला नाही.

सगळे मागे सरले. सार्थक मात्र पुढे आला, बाटलीकडे बघितलं, आणि कोणी न सांगता रोवलेल्या खांबांवरची बागेची पाटी उपटून खाली ठेवली.

हिंदुराव माझ्याशेजारी येऊन हळूच म्हणाले, "ताई, देव परत आनू का हितं?"

"नको," मी म्हटलं. "पाटी लावा. काय आहे ते लिहून."

"आन् सायबांचं नाव?"

"अर्जात आहे ते. तेही असू दे."

संध्याकाळी घरी आले तेव्हा आईने दिवे लावले होते. मी हातपाय धुऊन आले, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले.

"लागली विहीर," मी म्हटलं. "पाणी पिवळं आहे."

ती पोळी भाजत होती. पोळी उलटली, फुगेपर्यंत थांबली, उतरवली.

"नाक गेलं होतं ह्यांचं," ती म्हणाली. "डोळे नव्हते गेले."

मग तिने गॅस बारीक केला आणि हात पुढे केला. मी पर्समधून फोटो काढून दिला. काच असल्यासारखा तिने तो पदराने पुसला, अण्णांच्या केशरी बोटांवर अंगठा थोडा वेळ ठेवला, आणि कणकेच्या डब्यामागे, तिला पोळ्या लाटताना दिसेल असा उभा केला.

"बस," ती म्हणाली. "गरम आहे तोवर खाऊन घे."